कालच्या तिथीचं पाणी

वटारहून सायकलवर एक माणूस यायचा आणि अर्नाळ्याच्या धक्क्यावर बसून लॅपटॉपशी भांडायचा. त्याच्याविषयी लिहायचं म्हणून सुनेकडून ही वही मागून घेतली. माझं शिक्षण दुसरी. तिसरीत बसलो होतो, पण बापाने उचलून होडीत उभं केलं, ते बसणं राहूनच गेलं. तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. हसलं तरी मी लिहिणार आहे.

गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. मुंबईला कुठल्याशा कचेरीत आकड्यांचं काम करून निवृत्त झालेले, वटारला वडिलांची वाडी, वाडीत केळी आणि सोनचाफा. पण बोलायचे असे की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालायचा. म्हणून मास्तर. घरी त्यांची स्वतःची बोली होती, ती मला अर्धीच कळायची. माझ्याशी मात्र ते पुस्तकातलं मराठी बोलायचे, आणि लॅपटॉपवर चिडले की घरच्या बोलीत. त्यावरून मी लांबूनच ओळखायचो की आज गणित जमत नाहीये.

रविवारी मिस्सा आटोपून ते चर्चच्या कपड्यांतच यायचे. पांढरी कडक पँट, खिशात एक चाफ्याचं फूल, कॅरियरला बांधलेली तांदळाची गोणी. गोणीत लॅपटॉप. "खारा वारा लोखंड खातो तांडेल, मग आकडे काय सोडणार आहे?" असं म्हणून ते गोणी सोडायचे. होडी हाकणारा म्हणून मला सगळे तांडेल म्हणतात. लॅपटॉप उघडण्याआधी चपला काढायचे. एकदा मी विचारलं, "देव हाय काय आत?" तर म्हणाले, "देव नाही. पण पाय थंड लागले की डोकं शांत राहतं. करून पाहा." मी करून पाहिलं नाही. माझे पाय जन्मभर ओलेच होते.

आणि इतकं करून हा माणूस पाण्याला घाबरायचा. साधं घाबरणं नव्हे. धक्क्याच्या वरून तिसऱ्या पायरीच्या खाली कधी उतरला नाही. समोर किल्ल्याचं बेट, होडीने जेमतेम दहा मिनिटं, पण मास्तर एवढ्या वर्षांत बेटावर गेले नाहीत. मी म्हणायचो, "मास्तर, चला, फुकट नेतो." ते म्हणायचे, "तुम्ही पाणी बघा, मी वेळ बघतो. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

आमची ओळख वेळेवरूनच झाली. बेटावरच्या एका बाईने मला विचारलं होतं, आज पाणी कधी भरेल, पिंप न्यायचं आहे. मी म्हटलं, सव्वापाच. हातात घड्याळ नाही, खिशात मोबाइल नाही. हे शेजारी बसून ऐकत होते. बसून राहिले. सव्वापाचला पाणी पायरीला लागलं, आणि हा माणूस उठून माझ्यासमोर हात जोडून उभा.

"कसं सांगितलंत?"

"आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच."

आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवरून चालतो. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. चौथ असेल तर चार पाऊण तीन. पंचमीला पाच पाऊण पावणेचार. दर दिवशी पाणी पाऊण तास पुढे सरकतं. वारा आणि हंगाम बघून थोडं इकडेतिकडे करायचं, ते ज्याचं त्याने. दुसरीत शिकलेल्यातलं मला तेवढं पाऊणकीचं टिकलं, आणि त्यावर मी चाळीस वर्षं होडी चालवली. बेटावरचं लग्न असो की मयत, वेळ मला विचारून ठरायची.

मास्तरांनी ते ऐकून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी परत. वटारहून अर्नाळा काही लांब नाही, पण रोज यायला माणसाला काहीतरी झालेलं असावं लागतं. त्यांना माझी पाऊणकी झाली होती.

आधी त्यांनी हाताने हिशोब करून महिन्याचा तक्ता काढला, झेरॉक्स करून धक्क्यावर चिकटवला. तो बरोबर होता. मी बारीक नजरेने बघत होतो, चूक सापडली नाही. लोक म्हणू लागले, मास्तरांचा कागद चांगला आहे. मोबाइलमध्येही वेळ दिसते, पण ती मुंबई बंदराची, आमच्या खाडीची नव्हे. कागद आमचा होता.

मग त्यांना वाटलं, दर महिन्याला हाताने कशाला? लॅपटॉपमध्ये चौकटी चौकटींचा जो कागद असतो, ज्याला ते शीट म्हणायचे, त्यात त्यांनी स्वतःचं एक फंक्शन लिहायला घेतलं. बेरीज-वजाबाकी मशीनला आधीच येते. पाऊणकी त्याला येत नव्हती, ती हे शिकवणार. मला समजावलं ते असं: "हा एक नोकर आहे असं समजा. आपण त्याच्या हातात एक वस्तू द्यायची, तो आत जाऊन काम करतो आणि दुसरी वस्तू आणून देतो. आत काय करायचं ते आपण आधी लिहून ठेवायचं."

"आनि चुकलं तर?"

"तर चूक नोकराची नसते."

पहिल्या दिवशी चौकटींत वेळ येण्याऐवजी लाल कोपरा आणि इंग्रजी शब्द. एरर. सगळा रकाना एररने भरलेला. मास्तर घरच्या बोलीत बराच वेळ बोलले. मग एकदम हसले. तिथीच्या जागी त्यांनी आकडा न देता अक्षरात 'पंचमी' लिहिलं होतं. "अक्षराची पाऊणपट कशी होईल तांडेल? तो बिचारा आत जाऊन रिकाम्या हाताने परत येतोय." दुसऱ्यांदा आकडे बदलले तरी उत्तर जुनंच राहिलं. तेव्हा म्हणाले, त्याला वाटतंय काही बदललं नाही, म्हणून तो आत जातच नाही, दारातूनच कालचं उत्तर देतो. असं एकेक.

चूक शोधायची त्यांची एक पद्धत होती. पूर्ण गणित कधी तपासायचे नाहीत. एक पायरी चालवायची, थांबायचं, काय आलं ते बघायचं, मग पुढची. "चिखलात चालतो तसं. पाय टाका, रुतला का बघा, मग दुसरा उचला." आणि एक नियम ते मला इतक्यांदा ऐकवायचे की माझी होडीसुद्धा पाठ म्हणेल: "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तेच पहिल्यांदा विचारायचं. तिथे तो चुकला तर पुढचं विचारण्यात अर्थ नाही."

सापडलेली प्रत्येक चूक ते तिथेच, त्या लिहिलेल्या कामाच्या मधे, मराठीत नोंदवून ठेवायचे. मी म्हटलं, मशीन गोंधळेल की. तर म्हणाले, "आधी दोन तिरक्या रेघा ओढायच्या. त्यांच्यामागे लिहिलेलं मशीन वाचत नाही. ते माणसांसाठी असतं."

मशीन शिकलं. तिथी दिली की वेळ सांगायला लागलं. मग मास्तरांची हाव वाढली. आता तिथीसुद्धा द्यायची नाही, फक्त तारीख द्यायची, वर्षभराच्या तिथ्या एका बाजूला टाइप करून ठेवायच्या, त्यातली आपली तिथी त्याने स्वतः शोधायची. वर्षाचा तक्ता एका झटक्यात निघाला. मोठ्या अक्षरांत, प्लास्टिकचं आवरण घातलेला. तो धक्क्यावर लावून मास्तर लेकीकडे नाशिकला निघून गेले.

तक्ता लागला त्या दिवशी मी घरचं काम टाकून बघायला गेलो. पाणी कागदाच्या वेळेला भरलं नाही. पाऊण तासाने भरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला लगेच कळलं काय झालंय. गणित बरोबर होतं, पाऊणकी बरोबर होती. कागद कालच्या तिथीचं पाणी आज सांगत होता.

मी हे कोणालाच सांगितलं नाही.

कारण लिहितो. तक्ता लागल्यावर आमच्याच आळीतल्या एका बाईने मला सवयीने विचारलं, "तांडेल, पानी कवा?" मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "ऱ्हावद्या, कागदावर बघते." ती गेली आणि मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. चाळीस वर्षं. तेव्हा ठरवलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पाऊण तासाने कोणी मरत नव्हतं. लोक यायचे, थांबायचे, पाण्याला नावं ठेवायचे. मी जाळ्याची गाठ मारत बसायचो आणि, खरं सांगायचं तर, मला बरं वाटायचं.

आठवडाही झाला नव्हता, आणि बेटावर माझी मोठी बहीण पडली. तिला आम्ही बाय म्हणतो. मांडीचं हाड मोडलं. तिला खाटेवरून इकडे आणून विरारच्या इस्पितळात न्यायचं होतं. भाच्याने कागद बघून वेळ काढली होती. दिवस पंचमीचा. कागद म्हणत होता तीन.

होडी आता माझ्या मुलाची, पण सुकाणूला मी बसलो. बहिणीचं काम होतं. तीनला पाच मिनिटं कमी असताना होडी धक्क्याच्या अलीकडे टेकली. पायऱ्यांपासून वीस पावलं. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो, आमच्या किनाऱ्याला वीतभर पाणी कमी असलं की वीस पावलं चिखल असतो.

भाचा पाण्याकडे बघत होता. "मामा, तीन वाजले. आता यापुढे काय भरायचं नाय. उतरायला लागलं तर आनखी लांब पडू. उचला पटकन."

तो मला विचारत नव्हता, सांगत होता. पाणी अजून चढत होतं. होडीच्या कडेला फेसाची रेघ वर सरकताना मला दिसत होती. पाऊण तास थांबलं असतं तर होडी अलगद पायरीला लागली असती. चार शब्द पुरेसे होते. ते माझ्या जिभेवर होते. मी सुकाणू धरून बसलो.

चौघांनी खाट उचलली. अर्ध्या वाटेत पुढच्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, खाट एका बाजूला कलंडली, आणि बाय ओरडली. तिला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तिची चार बाळंतपणं बेटावर झाली, तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात पांढऱ्या पँटमधला एक माणूस पायऱ्या उतरून चिखलात आला. नाशिकहून आल्या आल्या मास्तर तक्ता कसा चाललाय बघायला धक्क्यावर आले होते. तिसऱ्या पायरीखाली न उतरणारा माणूस गुडघाभर चिखलपाण्यात, चेहरा पांढराफटक, ओठ हलतायत, बहुतेक प्रार्थना. त्यांनी कलंडलेला कोपरा खांद्यावर घेतला आणि पायरीपर्यंत सोडला नाही. खिशातलं फूल चिखलात पडलं.

बायला रिक्षात घालून भाचा पुढे गेला. मास्तर तसेच चिखलाचे पाय घेऊन पायरीवर बसले. मी होडीत. खाट घेऊन वर चढताना भाच्याने चिखलाने जड झालेल्या चपला शेवटच्या पायरीवर काढल्या होत्या, त्या घाईत तिथेच राहिल्या होत्या. पाणी हळूहळू चढलं, चपलांना लागलं, आणि त्यातली एक तरंगत माझ्या होडीकडे आली.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. "पावणेचार," म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने तक्ता फाडून काढला. प्लास्टिक सहज फाटत नव्हतं, दातांनी फाडला.

दुसऱ्या दिवशी आले ते गोणी न सोडताच माझ्याजवळ बसले. "तांडेल, काल तुमच्या मते वेळ काय होती?"

मी म्हटलं, "माझं काय मत? मी तर कागदावर चाललो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मान हलवली, चपला काढल्या आणि कामाला लागले. मला वाटलं, निभावलं.

अकरा दिवस ते चूक शोधत होते. आधी गुणाकार. तो बरोबर. मग तिथ्यांची यादी, एकेक तिथी पंचांगाशी ताडून. ती बरोबर. वाडीतला चाफा झाडावरच सुकतोय असं त्यांची मिसेस एकदा फोनवर मोठ्याने म्हणताना मी ऐकलं. अकराव्या दिवशी ते एकदम थांबले. "मी माझाच नियम मोडला. याला साधं काही विचारलंच नाही." आणि त्यांनी त्या नोकराला तिथी नाही, वेळ नाही, फक्त एवढंच विचारलं की मी तुला कुठली तारीख दिली ते परत सांग. दिली होती नऊ. तो म्हणाला आठ.

झालं होतं असं, की शीटचं घड्याळ भारताचं आणि आतल्या नोकराचं घड्याळ अमेरिकेतल्या कुठल्यातरी शहराचं. आपल्याकडे नऊ तारीख लागते त्या ठोक्याला तिकडे अजून आठच चालू असते. म्हणून तो इमानदारीने आठची तिथी उचलून आणत होता. मास्तरांनी एका ठिकाणी शहर बदललं आणि सगळा रकाना पाऊण तास पुढे सरकला.

"म्हंजे तो कालच्या दिवसात ऱ्हात होता," मी म्हटलं.

"हो."

"तुम्हाला अकरा दिवस लागले."

"हो," मास्तर म्हणाले. "कोणाकोणाला एका दिवसात कळतं." आणि गोणी बांधायला लागले. मी तेव्हा ते माझं कौतुक धरलं. धरायला काय जातं.

नवा तक्ता लावताना त्यांनी एक रकाना वाढवला. एकीकडे मशीनची वेळ, शेजारी रिकामी जागा. मला म्हणाले, रोज पाणी खरोखर कधी भरलं ते तुम्ही सांगायचं, मी टाकणार. "तुम्ही सांगितल्याशिवाय माझं गणित अर्धं आहे." तेव्हापासून मी रोज बघायचो आणि फोनवरून सांगायचो. बाया परत मला विचारू लागल्या. आधी कागद बघायच्या, मग मला. रागवायला जागा उरली नाही.

बाय बरी झाली, पण त्या पायात आखूडपणा राहिला. काठीशिवाय पुढे चालली नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात तसंही झालं असतं. मी एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. बायने मला कधी काही म्हटलं नाही. फक्त एकदा मासे निवडताना, मान वर न करता, म्हणाली, "त्या दिवशी पानी आलं होतं ना रे पायरीला?" मी म्हटलं, "आलं होतं." ती पुढचा मासा निवडायला लागली. ती गेली त्यालाही आता वर्ष होईल.

मास्तर तिच्या आधी गेले. सकाळी वाडीत पाणी सोडून खाटेवर टेकले ते टेकलेच. वटारच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेलो, मागे उभा राहिलो, सगळे बसले तेव्हा बसलो, उठले तेव्हा उठलो. त्यांच्या छातीवर चाफ्याची फुलं होती. परत येताना धक्क्यावर थांबलो, पाणी भरलेली वेळ बघितली आणि फोन काढला. नंबर लावल्यावर आठवलं.

तक्त्याचं काम माझ्या सुनेकडे आलं. ती विरारला एका कचेरीत बसते, तिला शीट येतं. मास्तरांनी आधीच ते तिच्याशी जोडून ठेवलं होतं. गेल्या पाडव्याला नवं वर्ष लागलं आणि चौकटींत पुन्हा लाल कोपरे. तिने बघितलं. मास्तरांनी टाइप केलेल्या तिथ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. नोकर तिथी शोधायला जात होता, आणि यादीच नव्हती. तिने पंचांग घेऊन नव्या तिथ्या भरल्या. मग आतलं लिहिलेलं काम उघडून बघत होती, आणि म्हणाली, "बाबा, इथे मधे मधे मराठीत लिहिलंय."

"वाच."

ती वाचायला लागली. "इथे तिथी अक्षरात दिली होती. चूक माझी." पुढे, "इथे जुनं उत्तर परत येत होतं. चूक माझी." मी हसत होतो. मास्तरांचा आवाजच ऐकू येत होता. मग ती थांबली.

"बाबा, हे तुमच्याविषयी आहे का?"

"वाच की."

"तारीख एक दिवस मागे. पाऊण तास कमी. खाट चिखलातून न्यावी लागली. तांडेलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी उत्तर माहीत असून त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. आधी मी त्यांना न विचारता कागद लावला होता. चूक माझी."

सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हणजे त्या दिवसानंतर हा माणूस माझ्याजवळ येऊन बसत होता, रोज माझी वेळ विचारून घेत होता, माझ्या हातचा काळा चहा आणि पाव खात होता, आणि सगळा वेळ त्याला माहीत होतं. चार वर्षं. एका शब्दाने बोलला नाही. आणि लिहून ठेवलं ते कुठे, तर मशीन वाचत नाही तिथे.

मी हट्टी आहे, हे मला सांगायला कोणी नको. पण दुसऱ्याने माझी चूक स्वतःच्या नावावर लावून घ्यावी, इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

"त्याच्याखाली एक ओळ घाल," मी म्हटलं.

"बाबा, आत काही लिहिलं तर बिघडेल सगळं."

"नाय बिघडत. आधी दोन तिरक्या रेघा ओढ."

तिने ओढल्या. "हं, सांगा."

"पावणेचार मला माहीत होतं. मी बोललो नाही. यातली चूक तांडेलाची."

तिने हळूहळू लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि विचारलं, "खाली तारीख टाकू? आजची?"

"आजची नको," मी म्हटलं. "त्या पंचमीची टाक."